पहिल्या बेसचं मिट

मी त्यात हात घातला तेव्हा आत अजून ऊब होती. आधीच्या मुलीच्या घामाने चामडं ओलं झालेलं. अंगठा मुकाट त्याच्या घरात गेला. बाकीची चार बोटं मात्र एकाच खोलीत जाऊन पडली, धर्मशाळेत उतारू पडतात तशी.

"काय मॅडम, काय म्हणतं नियमांचं पुस्तक?" फालक सरांनी विचारलं. गळ्यात शिट्टी, डोक्यावर पांढरी टोपी, चेहऱ्यावर यजमानाचं हसू.

शालेय जिल्हा स्पर्धेतला मुलींचा सॉफ्टबॉलचा अंतिम सामना होता. फालक सरांची शाळा यजमान. समोर नगरपालिकेची कन्याशाळा. मी होम प्लेटमागची, म्हणजे बॅट मारतात तिथल्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीमागची, पंच, आणि त्या दिवसातला माझा चौथा सामना. ऑक्टोबरचं खानदेशातलं ऊन, छातीवर जाड पॅड, तोंडावर जाळी. प्रत्येक चेंडूला वाकायचं आणि गुडघ्यांची मनधरणी करून पुन्हा उठायचं. सामना लवकर संपावा यापलीकडे माझी कुणाकडून काही अपेक्षा उरली नव्हती, आणि पहिल्याच डावात, कन्याशाळेने एकही चेंडू टाकायच्या आत, हरकत आली.

आमच्याकडची एक रीत आधी सांगायला हवी. दोन शाळांत मिळून ग्लोव्ह असायचे एका संघापुरते. म्हणून क्षेत्ररक्षण संपलं की मुली आपापले ग्लोव्ह मैदानातच, उभ्या असलेल्या जागी, जमिनीवर ठेवून बाहेर यायच्या. समोरच्या संघातल्या मुली जाऊन तेच उचलायच्या, घालायच्या, आणि डाव संपला की पुन्हा तिथेच ठेवायच्या. ज्या हातांनी बाद करायचं त्यांनाच आपला ग्लोव्ह द्यायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वाटून सांगणार कुणाला?

कन्याशाळेची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी मुलगी, प्रमिला बाविस्कर. डावखुरी. मैत्रिणी तिला डावरीच म्हणत. डाव्या हाताने टाकणारीला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो. तिचा स्वतःचा ग्लोव्ह सकाळच्या सामन्यात पार उसवला होता. मैदानात उजव्या हाताची दुसरी वस्तू एकच होती, यजमानांच्या पहिल्या बेसवरच्या हेमलताची. हेमलता अत्तरदे पण डावखुरी. तिने रीतीप्रमाणे ती बेसजवळ ठेवली, प्रमिलाने रीतीप्रमाणे उचलली, आणि फालक सरांनी हात वर केला.

"ते मिट आहे मॅडम. पिचरला चालत नाही."

"गेल्या वर्षी तुमची हेमलता हेच घालून सेंटरला, पार मागच्या मैदानात, उभी होती," मी म्हणाले. "तेव्हा समोरच्यांनी हरकत घेतली, तर तुम्ही म्हणालात, ग्लोव्ह आहे, हात घालून बघा."

"बघितलात ना? होताच ग्लोव्ह. यंदा पोरीला पहिल्या बेसला आणली, म्हणून मोच्याकडून आतले पडदे काढून घेतले, वरून पट्टी मारली. आता मिट झालं. घाला हात, तुम्हीच सांगा."

फालक सरांचं एक होतं. ते खोटं बोलत नसत. खरं मात्र सोयीची वेळ बघून बोलत.

मी हात घातला, तो असा. आणि माणूस बरोबर निघाला. ग्लोव्हमध्ये प्रत्येक बोटाला स्वतःचं घर असतं. मिटमध्ये अंगठा वेगळा आणि बाकी चौघांना मिळून एक पिशवी. ग्लोव्ह कुणीही घालावा. मिट फक्त कॅचरने, म्हणजे बॅटमागे चेंडू झेलणारीने, आणि पहिल्या बेसवरच्या मुलीने. नियम एवढाच आहे, दोन ओळींचा.

कन्याशाळेचे बडगुजर सर धावत आले. ते चित्रकलेचे शिक्षक. खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना संघाबरोबर पाठवलं होतं. गळ्यात शिट्टी नव्हती, खिशाला पेन्सिल होती.

"मॅडम, दोन्ही चामड्याचंच ना?"

"चामड्याचंच. पण हिला पिचिंग करताना हे चालणार नाही."

"मग कुठे चालेल?"

"पहिल्या बेसवर."

"आणि टाकणार कोण?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. फालक सर म्हणाले, "सर, वस्तू वापरायला आमची ना नाही हां. पहिल्या बेसवर खुशाल वापरा. देण्यात आम्ही मागे नाही."

प्रमिलाने एक डाव्या हाताचा ग्लोव्ह उलटा चढवून पाहिला. करंगळीच्या घरात अंगठा काही मावेना. तिने तो काढून टाकला आणि माझ्याकडे आली. कपाळावर तेल आणि घाम एक झालेला, वेणी रिबिनीने वर बांधलेली.

"मॅडम, काहीच नाही घातलं तर चालतं?"

"चालतं. काय घालू नये ते लिहिलंय. घातलंच पाहिजे असं लिहिलेलं नाही."

"आणि राज्याला खेळलं की बोर्डाचे वाढीव गुण भेटतात, ते खरं आहे ना?"

"राज्याला खेळलीस तर. आधी हा सामना, मग विभाग."

"मंग टाकते मी. गणित माझं तसं काही सुटायचं नाही."

दहावीतल्या मुलीने आपल्या आयुष्याचा हिशोब इतक्या थोडक्यात मांडलेला मी पुन्हा ऐकला नाही. ती उघड्या हाताने जागेवर जाऊन उभी राहिली.

टाकायची मात्र सुरेख. हात मांडीला घासून जायचा आणि चेंडू शेवटच्या वितीत खाली बसायचा. अडचण होती ती चेंडू परत घेण्याची. त्यांच्या कॅचरने पहिले दोन चेंडू हळू उडवून दिले, तेही प्रमिलाला चावले. मग कॅचर चेंडू जमिनीवरून सरपटत देऊ लागली.

"हे काय, गोट्या खेळताय का?" फालक सर बाहेरून म्हणाले.

"सर, चेंडू परत कसा द्यायचा हे पुस्तकात नाही," मी म्हणाले.

"तुमच्या पुस्तकात नेमकं लागतं ते नसतं."

त्याच डावात हेमलता बॅटिंगला आली. उंच, खांद्यात रुंद, बोलायला कमी. तिने मारलेला चेंडू सरळ आला तिथेच परत गेला. प्रमिलाचा उजवा हात आपसूक पुढे झाला. ओल्या चादरीवर धोपाटणं बसावं तसा आवाज झाला. चेंडू उडून बाजूला गेला आणि यजमानांना एक धाव मिळाली. प्रमिला हात काखेत दाबून खाली वाकली.

बडगुजर सरांनी आपला रुमाल माठाच्या पाण्यात भिजवून तिच्या तळव्याला बांधायला घेतला.

"पोरी, बाहेर ये. हरलो तर हरलो."

"तुमचं काय सर, तुमचं गणित सुटलेलं आहे," ती म्हणाली.

सर गाठ मारत राहिले. रुमालही मला सोडायला लावावा लागला, कारण पिचरच्या हाताला काही बांधलेलं चालत नाही. तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते चित्रकलेच्या शिक्षकालाच जमावं, एका नजरेत अख्खं व्यंगचित्र.

त्यांची शॉर्टस्टॉप होती सैंदाणे नावाची, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेची राखणदार. काटकुळी, तोंडाने फटकळ. ती प्रमिलाजवळ गेली.

"डावरे, तू फक्त टाक. चेंडू तुझ्याकडे आला की बाजूला हो. मागचं मी बघते."

"तुझी जागा कोण बघेल मग?"

"जागा कुठे पळून चालली?"

त्यानंतर सामनाभर सैंदाणे आपली जागा सोडून प्रमिलाच्या बरोबर मागे, दुसऱ्या बेसला चिकटून उभी राहिली. तिच्या शेजारची मुलगीही आत सरकली. प्रमिलामागे दोघींची भिंत, आणि शॉर्टची जागा सताड उघडी.

फालक सरांना ते दिसलं नसतं तर नवल. "तिकडे मारा, शॉर्टला कुणी नाही," ते प्रत्येक मुलीला सांगत. मुली मारत. तिथून यजमानांच्या धावा आल्या. कन्याशाळेच्याही आल्या. दुसऱ्यांदा आली तेव्हा हेमलताने पुन्हा सरळ मारलं. प्रमिला बाजूला झाली, सैंदाणेने चेंडू टिपला.

"तुला दुसरीकडे हातच नाही का गं?" फालक सर कपाळावर हात मारत म्हणाले.

हेमलता हेल्मेट काढून झाडाखाली जाऊन बसली.

सातवा, म्हणजे शेवटचा डाव. कन्याशाळा एका धावेने पुढे. यजमानांच्या दोघी बाद, दोघी बेसवर. एक फटका बसला की दोन धावा आणि सामना त्यांचा. एक बळी गेला की कन्याशाळा विभागाला. प्रमिलाचा तळवा आता दुसऱ्या हाताशेजारी वेगळ्याच मुलीचा दिसत होता, फुगलेला, लाल. प्रत्येक चेंडू टाकून झाला की ती उजवा हात छातीशी धरून उभी राहायची. मला पाणी प्यायलाही जाळी वर करायचा कंटाळा आला होता.

पाळी हेमलताची होती. ती उठली नाही.

लिंबाखाली मांडीवर बॅट आडवी घेऊन बसली होती. फालक सर गेले, वाकले, बोलले. मग त्यांचा आवाज चढला.

"म्हणजे काय, मारणार नाही?"

"तिचा हात बघा सर," हेमलता सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "माझा मार सरळच जातो. आपलं मिट तिला देऊ द्या, मग मारते. नाहीतर नाही."

यजमानांच्या दोन मुली डोळे पुसू लागल्या. बघायला आलेल्या शिक्षिका एकमेकींकडे बघून मान हलवू लागल्या, पोरगी बघा कशी निघाली. फालक सर जागच्या जागी उभे राहिले. हेमलतासारखी मारणारी त्यांच्याकडे दुसरी नव्हती, आणि आता सगळं गाव बघत होतं. ते माझ्याकडे आले. येता येता त्यांनी चेहरा बदलला.

"मॅडम, हरकत मागे घेतली. द्या तिला."

"हरकत मागे घेऊन काय होतंय सर? ते मिटच आहे."

"अहो, आमची वस्तू, आमचा विरोध नाही. उद्या पडदे परत शिवून घेतो."

"उद्या शिवा. उद्या ग्लोव्ह म्हणेन."

"तुम्ही आधी आमच्या बाजूने निकाल दिलात म्हणून म्हणतोय मी. आता तो सोडा. माझ्या शब्दावर सोडा."

"मी तुमच्या बाजूने दिला नव्हता. हात घातला, आत जे लागलं ते सांगितलं."

बडगुजर सर हात जोडून म्हणाले, "मॅडम, दोन्ही शाळा म्हणतात ग्लोव्ह आहे. मग तुम्हाला एकटीलाच काय?"

बेसवरचे पंच, एरवी भला माणूस, माझ्या कानाशी आले. "सोडून द्या ना. शेवटची बस जाईल."

मग प्रमिला स्वतः आली. तिने उजवा हात माझ्यापुढे धरला, भाकरीसारखा टम्म सुजलेला. काही मागताना मुली खाली बघतात. ती माझ्या जाळीतून आत बघत होती.

"द्या ना मॅडम. एकाच मुलीपुरतं."

मी ते मिट पुन्हा उचललं. पुन्हा हात घातला. का घातला, मलाच ठाऊक नाही. मधल्या काळात आत कुणी भिंती बांधल्या असतील असं थोडंच होतं? चारही बोटं पुन्हा एका खोलीत.

"पहिल्या बेसवर जा, देते," मी म्हणाले. "टाकायला दुसरी कुणी उभी करा."

"दुसरी कुणी नाही."

"मग नाही."

ती वळून गेली. मागून कुणी तरी म्हणालं, बाई आहे की दगड. आवाज ओळखीचा होता. वळून बघायला लागू नये म्हणून मी प्लेट झाडत बसले. ती स्वच्छच होती.

"हेमलता," मी म्हणाले, "खेळतेस की बाद देऊ?"

ती उठली. बॅट ओढत आली आणि प्लेटजवळ थांबून माझ्याकडे एकदा बघितलं. माणसांचे चेहरे वाचण्यात माझा हातखंडा आहे असं मी समजत असे. त्या नजरेचं मी वाचन असं केलं, की या मुलीने माणुसकी दाखवली आणि मी ती पुस्तकात दाबून मारली. मी नजर काढून घेतली.

पहिला चेंडू तिने सोडला. दुसरा मागे उडाला. तिसऱ्यावर बॅटचा पूर्ण आवाज आला आणि चेंडू सरळ प्रमिलाच्या छातीवर निघाला. मला वाटलं, पोरगी आता हात घालणार, बोटं जाणार.

प्रमिला खाली बसली.

चुलीपुढे बसावं तशी, बिनघाईची. चेंडू तिच्या डोक्यावरून गेला आणि मागे उभ्या असलेल्या सैंदाणेच्या पोटाशी, यजमानांच्याच ग्लोव्हमध्ये, जाऊन पडला. सैंदाणेला पाऊलही हलवावं लागलं नाही.

"बाद," मी म्हणाले. उजवा हात वर करायचा असतो. तो केला.

कन्याशाळेच्या मुली नाचल्या. यजमान रडले. दोन्हीकडच्या मुलींनी हेमलताला मिठ्या मारल्या, प्रमिलाने सर्वांत आधी. मला चहा कुणी विचारला नाही. बस गेली होती. मी केळीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून घरी आले आणि पॅड न काढता झोपले.

पुढे जिल्ह्यात ही गोष्ट पसरली, ती फालक सरांच्या तोंडून. त्यांनी हरकत मागे घेतली होती, मी ऐकलं नाही, असं ते सांगत. खरंच होतं. मला 'पुस्तकवाल्या बाई' म्हणू लागले. मुली माझ्यासमोर आल्या की ग्लोव्ह पाठीमागे धरायच्या. कन्याशाळा विभागात जिंकली. तिथेही मी पंच होते, आणि प्रमिलाच्या हातात कुणाचा तरी उजव्या हाताचा ग्लोव्ह होता. कुणाचा ते मी विचारलं नाही, फक्त हात घालून बघितला. राज्याला पहिल्याच सामन्यात त्या हरल्या, पण खेळल्या. प्रमिलाचं गणित सुटलं. हे मला पेढ्यांशिवायच कळलं.

नंतर मी आणखी बरीच वर्षं उभी राहिले. रात्री पाय चेपता चेपता कधी तो लाल हात आठवायचा. मी चुकले नव्हते, हे मला माहीत होतं. पण एवढ्या मोठ्या मैदानात एकटीच बरोबर असणं फार दमवणारं असतं.

निवृत्तीनंतर जळगावला नव्या पंचांचा वर्ग घ्यायला मला बोलावलं. टेबलावर ग्लोव्ह आणि मिट मिसळून ठेवायची, एकेकाला बोलवायचं, आत हात घालून ओळखायला लावायचं. समोर बाकावर एक रुंद खांद्याच्या बाई होत्या, केस पिकायला लागलेले. त्यांनी सगळी बरोबर ओळखली. चहाच्या सुट्टीत जवळ आल्या.

"मॅडम, ओळखलंत? मी हेमलता. फालक सरांची."

आता त्या स्वतः खेळाच्या शिक्षिका होत्या. दोघींनी कप घेतले, व्हरांड्यात उभ्या राहिलो. इकडचं तिकडचं झालं. फालक सर वारल्याचं तिने सांगितलं. मग कपाकडे बघत म्हणाली,

"एक विचारू? तुम्हाला तेव्हा कळलं होतं ना?"

"काय?"

"मी का बसून राहिले ते. तुम्ही हटूनच बसलात, मला वाटलं बाईंनी ओळखलं."

"तिचा हात सुजला होता म्हणून बसलीस."

हेमलताने माझ्याकडे बघितलं. प्लेटजवळची नजर हीच.

"म्हणजे तुम्हाला पण तेच वाटलं," ती म्हणाली. "मॅडम, मला एकच मार येत होता. सरळ. सर ओरडत होते शॉर्टला मार, शॉर्टला मार. येत असतं तर मारलं नसतं? आणि सरळ मारलं की ती सैंदाणे तिथे उभी. ती का उभी, तर डावरीच्या हातात काही नव्हतं म्हणून. हातात मिट आलं असतं तर सैंदाणे तिच्या जागी परत गेली असती. मधली वाट मोकळी."

"आणि मिटने तिनेच अडवला असता तर?"

"ते मिट माझं होतं. माझ्या हाताला बसलेलं. दुसरीला त्यात पहिल्या झटक्यात चेंडू धरता येत नाही, मला माहीत होतं."

मी कप कठड्यावर ठेवला.

"हात सुजलेला होताच की," हेमलता म्हणाली. "वाईटही वाटत होतं. पण सामना पण होता ना."

"फालक सरांना सांगितलंस कधी?"

"सांगणार होते. पण ते दर वर्षी प्रार्थनेनंतर मुलांना माझं उदाहरण द्यायचे. खेळाडूचं मन कसं असावं म्हणून. मला पुढे उभी करायचे. मग राहूनच गेलं."

आतून वर्ग भरल्याची घंटा वाजली. ती कप ठेवायला वळली आणि पुन्हा थांबली.

"प्रमिला अजून मला दर दिवाळीला फोन करते. नाशिकला असते. म्हणते, त्या दिवशी मैदानात माझ्या बाजूने तू एकटी होतीस."

बागेत कुणी तरी पाइपने पाणी घालत होतं, बराच वेळ एकाच कुंडीत.

"सांगून टाकू का तिला आता?" हेमलताने विचारलं. "तुमचा नंबर पण देते."

"नको," मी म्हणाले. "येऊ दे तिचा फोन तुला."